स्फोटाचा आवाज आणि ऐकणारा कान

२०२२ च्या दिवाळीत नांदेडला आमच्या शाळेच्या मैदानावर एक सुतळी बॉम्ब फुटला, आणि त्याचा आवाज पापड मोडल्यासारखा आला.

हे वाक्य वाचून वाचक हसतील. पण घडले ते असेच. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी ध्वनिमुद्रणाच्या नादी लागलेला आहे. त्याने कुठून तरी बऱ्यापैकी मायक्रोफोन पैदा केला होता. सुट्टीमुळे मैदान मोकळे होते. वीस पावलांवर बॉम्ब ठेवला, वात पेटवली आणि आम्ही दोघे व्हरांड्यात पळालो. बॉम्ब असा वाजला की वर्गांच्या काचा थरारल्या, कडुलिंबावरचे कावळे एकदम उठले आणि शिपाईमामा आमच्यावर ओरडत बाहेर आले. नंतर ते मुद्रण लावून ऐकतो तो काय? नुसते ‘पट्’! पोराचा चेहरा पडला. “सर, हा तर पापड मोडला,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने किराणा दुकानातली एक कागदी पिशवी फुगवली, रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी धरून फोडली, आणि तो आवाज संगणकावर चौपट संथ करून मला ऐकवला. मी दचकलो. तोफच होती ती! खरा बॉम्ब खोटा ठरला आणि कागदाची पिशवी खरी ठरली. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सवडीने कादंबऱ्या लिहितो. माझी पुस्तकी विद्या मॅट्रिकच्या पुढे गेली नाही. पण खरे आणि खरे वाटणारे यांतले अंतर हा ज्याच्या त्याच्या धंद्याचा प्रश्न असतो, तसा तो माझ्याही धंद्याचा आहे. म्हणून या पापडाने मला बरेच दिवस सोडले नाही.

आपल्याकडे श्रुतिकेवर टीका लिहिली जाते ती बहुधा तिच्या संहितेवर. पात्रे कशी आहेत, संवाद कसे आहेत, शेवट पटतो की नाही. आवाजांचा विचार करायचा तो तंत्रज्ञाने, अशी एक समजूत आहे. नभोवाणीच्या ऐन भरात ती कदाचित खपून गेली असेल. आज ध्वनिकथा आणि ध्वनिपुस्तके यांचे पेव फुटले आहे आणि मोबाइलच्या कृपेने प्रत्येकाच्या खिशात एक नाट्यगृह आले आहे. अशा वेळी ती समजूत बाळगणे म्हणजे चित्रावर लिहिताना रंगांचा उल्लेख टाळण्यासारखे आहे. नांदेडहून लातूरला एस.टी.ने जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर असा तीन-साडेतीन तासांचा रस्ता मी हल्ली या कथा ऐकत काढतो. एका दोन तासांच्या गुप्तहेरकथेत मी एकवीस स्फोट मोजले. पहिल्याला मी दचकलो, चौथ्याला खिडकीबाहेर पाहू लागलो आणि अहमदपूर येईपर्यंत मला झोप लागली होती. स्फोटाने माणसाला झोप लागावी, हा कलेचा केवढा पराभव!

२

हा प्रश्न नवा नाही. खरा स्फोट रंगभूमीवर आणण्याचा हट्ट माणसाला किती महागात पडतो, याची एक जुनी साक्ष लंडनची आहे. २९ जून १६१३ रोजी ग्लोब नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘आठवा हेन्री’चा प्रयोग चालू असताना राजाच्या आगमनासाठी खरीखुरी तोफ डागली गेली. ठिणगी गवती छपरावर पडली आणि सगळे नाट्यगृह जळून गेले. माणसे वाचली, एकाच्या विजारीने पेट घेतला, तो हाताशी असलेल्या बिअरने विझवला, अशी नोंद आहे. तोफ खरी होती, पण त्या दिवशी नाटक काही पुढे गेले नाही.

दुसरी साक्ष खुद्द नभोनाट्याच्या जन्माची आहे. केवळ नभोवाणीसाठी म्हणून लिहिलेले पहिले नाटक म्हणून रिचर्ड ह्यूजच्या ‘डेंजर’चा मान मानला जातो. बी.बी.सी.ने ते १५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून प्रक्षेपित केले. वेल्समधली कोळशाची खाण, दिवे गेलेले, अंधारात अडकलेली माणसे, वर चढत येणारे पाणी. श्रोत्याला काही दिसत नाही, तसेच पात्रांनाही काही दिसत नाही! केवळ या एका युक्तीसाठी ह्यूजला मी गुरू मानतो. पण नाटकात खाणीतला एक स्फोट होता. त्या काळचे मायक्रोफोन इतके नाजूक की मोठा आवाज त्यांना सोसत नसे. श्रोत्यांपर्यंत पोचता तो फुसका बार. समीक्षक तर वेगळ्या खोलीत यंत्रापुढे बसून ऐकणार होते. मग दिग्दर्शक नायजेल प्लेफेअरने काय करावे? समीक्षकांच्या शेजारच्या खोलीत त्याने स्वतंत्रपणे एक दणदणीत धमाका करवला. टीकाकारांना वाटले, यंत्रातून केवढा जिवंत स्फोट ऐकू आला!

म्हणजे नभोनाट्यातला पहिला स्फोट हा टीकाकारांची केलेली फसवणूक होता. आम्ही टीका लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. पण या गमतीत एक खोच आहे. स्फोट लाटांवरून गेलाच नाही; तरी त्या रात्री घरोघरी अंधार करून ऐकत बसलेल्या श्रोत्यांपर्यंत नाटक पोचले. धमाका त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. त्यांच्या वाट्याला आली होती ती अडकलेल्या माणसांची भीती.

३

खरा स्फोट यंत्रात का मावत नाही, हे थोडे समजून घेतले पाहिजे. स्फोटाचा पहिला तडाखा सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका क्षणिक असतो. तेवढ्यात हवेचा दाब एकदम चढतो आणि उतरतो. यंत्राला सोसण्याची एक मर्यादा असते. तिच्यावरचा आवाज यंत्र नोंदतच नाही; शिखराचे डोके छाटले जाते आणि डोंगराच्या जागी टेबल उरते. शिवाय खरा स्फोट आपण फक्त कानांनी ऐकत नाही. तो छातीवर आदळतो, तळपायांतून चढतो, काचेत थरथरतो. मोबाइलची तांदळाएवढ्या छिद्रातून बोलणारी चकती हवेला तसा धक्का देणार कुठून?

आमच्या चित्रकलेत हा पेच पहिल्याच वर्षी येतो. मूल सूर्य काढते आणि विचारते, “सर, हा चमकत का नाही?” कागदाच्या पांढऱ्याहून अधिक पांढरा रंग जगात कुठल्याही डबीत मिळत नाही. मग सूर्य चमकवायचा कसा? भोवतीचे आकाश गडद करून. आवाजाचेही तसेच. यंत्राच्या कमाल आवाजाहून मोठा आवाज कुणाच्याही हाती नाही. स्फोट मोठा करायचा तर त्याच्या भोवतीची शांतता गडद केली पाहिजे. ज्या ध्वनिकथेत पहिल्या मिनिटापासून ढोल, किंकाळ्या आणि पार्श्वसंगीत कमाल पट्टीत चालू असते, तिच्यात स्फोट होऊच शकत नाही. तिथे कागद आधीच पांढराफटक पडलेला असतो.

जुन्या ध्वनिकारांना हे पक्के ठाऊक होते. पिंपात पिशवी फोडणे, फुग्यात छर्रे घालून तो मायक्रोफोनपाशी हलवणे, मोठा पत्रा टोकाला धरून हिसडणे, आवाज मुद्रित करून तो संथ फिरवणे अशा साध्या युक्त्यांनी त्यांनी युद्धे उभी केली. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो; पिशवीची तोफ होते ती अशी. नारळाच्या करवंट्यांचे घोडे, सुपात हलवलेल्या बाजरीचा पाऊस, चुरगळलेल्या चकचकीत कागदाची आग. चित्रपटांत ही विद्या हॉलिवूडच्या जॅक फोलीच्या नावाने ओळखली जाते. ऑर्सन वेल्सच्या ३० ऑक्टोबर १९३८ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये मंगळावरून आलेल्या नळकांड्याचे झाकण फिरते, त्याचा आवाज म्हणे संडासात बसून बरणीचे झाकण उघडून काढला होता. त्या कार्यक्रमाने अमेरिकाभर पळापळ झाली, हे नंतर वर्तमानपत्रांनी बरेच फुगवून सांगितले. पण जे थोडे घाबरले, ते एका बरणीच्या झाकणाला घाबरले हे खरे.

आजचा तंत्रज्ञ स्फोट रचतो तोही एकसंध नसतो. सुरुवातीचा कोरडा तडाखा एक, त्याखालचा खोल घुमारा दुसरा, पडणारे दगड-माती तिसरी, दूरवर जाणारा प्रतिध्वनी चौथा. असे थर एकावर एक बसवावे लागतात. हे थर तयार विकतही मिळतात. अडचण तिथूनच सुरू होते. विकतचा स्फोट कुठल्या गावात झाला, कुणी ऐकला, याचा त्याला पत्ता नसतो. तोच स्फोट पुलावर, तोच बंगल्यात, तोच पानिपतावर. नटाने प्रत्येक नाटकात एकाच आवाजात रडावे तसे हे आहे, आणि नटाला आपण त्यासाठी क्षमा केली नसती.

४

मराठी कानाला याहून चांगली सवय होती. आमच्या भागातल्या जत्रांत मी शाहीर ऐकले आहेत. पोवाड्यात तोफ डागायची वेळ आली की शाहीर आवाज चढवत नाही. तुणतुणे थांबते, झीलकऱ्यांचे ‘जी जी’ थांबते, समोर बसलेली पोरे मान पुढे काढतात, आणि मग डफावर एकच थाप पडते. कातड्याच्या त्या थापेत तोफेचे काही नसते. तोफ त्या थांबण्यात असते.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या ‘गीतरामायणा’चीही आठवण द्यावीशी वाटते. गदिमांची छप्पन्न गीते, बाबूजींचे संगीत. त्यात सेतू बांधला जातो, युद्ध होते, रावण पडतो. शस्त्रांच्या खणखणाटाची एखादी तयार पट्टी त्याखाली जोडली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’चे तसेच. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी माणसांना मी विचारले आहे. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचे आवाज त्यांना कालच ऐकल्यासारखे आठवतात. दार कसे वाजत असे, हे कुणालाच आठवत नाही. आवाज आपले काम करून निघून गेला म्हणजे तो चांगला वठला, असे मी समजतो.

याउलट उदाहरण ‘शोले’चे. १९७५ च्या या चित्रपटाच्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती लग्नाच्या मांडवांत कर्ण्यांवरून वाजत असे. माझ्या लहानपणीही ती गावोगावी घासून घासून वाजत होती. चित्र नाही, पडदा नाही. तरी माणसे उभी राहून ऐकत. गोळीसाठी ती थांबत असतील असे मला वाटत नाही. गोळीच्या आधी गब्बर जो वेळ घेतो, त्यासाठी थांबत.

५

पण हे सगळे ऐकीव झाले. स्फोट म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते आम्ही विहिरीवर शिकतो.

आमची जमीन काळी, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी हवे तर पाषाण फोडला पाहिजे. माझ्या मामांच्या विहिरीचे काम लातूर जिल्ह्यात चालले होते तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दिवसभर खडकात भोके पाडली जात. दिवस कलला की त्यांत कांड्या भरून, वाती जोडून माणसे वर येत आणि एक जण बांधावर उभा राहून लांब हेल काढून ओरडे, “सुरुंग हाय होऽऽ!” ती हाक शेतांशेतांतून पुढे जाई. बैल सोडून लांब नेले जात. आम्ही पोरे चिंचेच्या बुंध्याआड. मग कुणी बोलत नसे. ती शांतता मी अजून विसरलो नाही. होला घुमत असला तरी ती शांतताच.

पहिल्यांदा कळे ते तळपायांना. जमिनीतून एक ठोका येई. मग क्षणभर काही नाही. मग तो आवाज येई. असे का, हे मला फार उशिरा समजले. हवेतून आवाजाला एक किलोमीटर जायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. खडकातून तोच धक्का त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने येतो. अर्ध्या किलोमीटरवर उभ्या असलेल्या पोराच्या पायांना बातमी आधी कळते, कानांना सेकंद-दीड सेकंदाने. त्यानंतर टेकडीवरून प्रतिध्वनी. त्यानंतर, आता संपले असे वाटत असतानाच, आकाशातून दगड पडू लागत. कुठे मातीत ‘थप्’, कुठे गोठ्याच्या पत्र्यावर ‘खण्’. आणि सगळ्यांच्या शेवटी मामींचा आवाज, प्रत्येक पोराचे नाव घेत.

आता सांगा, यात ‘धडाम्’ किती? सगळ्या अनुभवाचा विसावा हिस्सा असेल. बाकीचे एकोणीस हिस्से हाक, वाट पाहणे, ठोका, पोकळी, दगड आणि मामी. तयार स्फोट विकणारा आपल्याला विसावा हिस्सा विकतो आणि आपण तो पुरा समजून घेऊन येतो.

६

आता मी माझ्या चुकीकडे वळतो. दुसऱ्यांच्या ध्वनिकथांवर लिहिण्याचा अधिकार मला तिच्यामुळेच मिळाला, असे मला वाटते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे नुकती निजली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत मातीला मिळाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. वर मातीचे माळवद. ज्या माळवदाने पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवले, तेच छातीवर आले. मी तेव्हा लातुरात होतो, शाळकरी. मला आठवतो तो आवाज एखादा लादलेला मालट्रक घराला घासून गेल्यासारखा. मग फळीवरचे पेले एकमेकांवर वाजू लागले आणि वडिलांनी मला दंडाला धरून रस्त्यावर ओढले.

२०२३ मध्ये त्याला तीस वर्षे झाली. शाळेतल्या मुलांसाठी मी अर्ध्या तासाची एक श्रुतिका लिहिली आणि आवाजांचे काम त्याच माझ्या विद्यार्थ्याकडे दिले. त्याने जीव ओतून काम केले. भूकंपाचा क्षण आला की कान फाटेल असा स्फोट, कोसळणाऱ्या भिंती, मागोमाग शेकडो माणसांच्या किंकाळ्या. मला ते फार आवडले. मीच त्याला म्हटले होते, “अजून वाढव. ऐकणाऱ्याचा थरकाप झाला पाहिजे.” दोष असलाच तर माझा.

प्रयोगाआधी एकदा किल्लारीकडे गेलो होतो. पुनर्वसनातल्या एका घरी, ओळखीच्या एका मावशींना तो भाग ऐकवला. त्यांचे घरातले दोन जीव त्या रात्री गेले होते आणि त्या स्वतः दिवस वर येईपर्यंत मातीखाली होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, कानातली बोंडे काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “हे दिवाळीवानी वाटतंय.”

मी काही बोललो नाही.

“आसा न्हवता आवाज. आदी जर्मनची भांडी वाजली. म्या म्हनलं, मांजर आलं. मग भुईच गुरगुरली. म्होरं काय ऐकूच आलं न्हाई बघा. कानात माती, तोंडात माती. लई येळानं लांबून कुनीतरी नाव घेऊन हाका मारायलं हुतं. माजंच नाव, पर मला वाटलं दुसऱ्या कुनाचं हाय.”

परतीच्या एस.टी.त माझ्या कानात त्यांचे वाक्य घुमत होते. मी काय केले होते? मातीखाली असलेल्या बाईला मी बाहेर काढून एका उंच डोंगरावर बसवले होते आणि तिथून सगळे गाव कोसळताना ऐकवले होते. त्या डोंगरावर त्या रात्री कुणीही नव्हते. माझा स्फोट कुणाच्याच कानाचा नव्हता. तो ऐकून थरकाप झाला असता, पण तो जत्रेतल्या पाळण्यावर होतो तसा. पाळणा थांबला की पोर हसत उतरते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मोडले. आधी भांडी: माझ्याच घरचे जर्मनचे डबे, फळीवर, अगदी हळू. मग एक खालचा घुमारा. पिशवीचाच, पण इतका खाली उतरवलेला की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा. आणि मग अकरा सेकंद जवळजवळ काही नाही. केवळ एक श्वास. पोरगा घाबरला. “सर, लोकांना वाटेल मोबाइल बंद पडला.” मी म्हटले, “वाटू दे. त्यांनाही तसंच काहीसं वाटलं असेल.” त्यानंतर हाक. ती साध्या आवाजात घेतली तर रस्त्यावरची वाटे. मायक्रोफोनवर एक वाकळ टाकली, मग दुसरी, मग तिसरी; तिसरीला ती हाक मातीखाली गेली. उंच स्वर वाकळेने गिळले, शब्द पुसट झाले, नाव आपले आहे की दुसऱ्याचे, हे कळेनासे झाले.

मी मावशींकडे पुन्हा गेलो. आता हे ऐकून पाहा, म्हणालो. त्यांनी चहा ठेवला आणि मान हलवली. “न्हाई ऐकत, लेकरा. म्या ऐकलेलं हाय.”

यावर काय बोलावे? मला वाटले होते त्यांची पावती मिळेल. त्यांनी पावती दिली नाही, आणि ती मागण्याचा मला अधिकार नव्हता हे मला तिथे कळले. ती श्रुतिका त्यांच्यासाठी नव्हतीच. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी होती. शाळेत मुलांना ऐकवली तेव्हा अकरा सेकंदांत दोघे-तिघे हसले, एकाने मागे वळून यंत्राकडे पाहिले. हाक आली तेव्हा मात्र कुणी हसले नाही. यश म्हणावे की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही.

७

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या विद्यार्थ्यानेच घेतला. “सर, हे तुमच्या-माझ्यासाठी ठीक. पण लोक रिक्षात, बाजारात, गाडीच्या गोंगाटात ऐकतात. तिथं तुमची शांतता ऐकणार कोण?” आक्षेप खरा आहे. भोवतीच्या गोंगाटात बारीक काम बुडते. पण त्यावरचा उपाय स्फोट मोठा करणे हा नव्हे, कारण एस.टी.च्या इंजिनाशी कुठलाही स्फोट स्पर्धा करू शकत नाही. उपाय आहे तो शब्दाचा. दिवे गेले आहेत हे ह्यूजची पात्रे बोलून सांगतात. सुरुंग आहे हे बांधावरचा माणूस ओरडून सांगतो. संवादाने कान तयार केला की लहानसा आवाजही गोंगाटातून वाट काढतो. म्हणून ध्वनीची जबाबदारी शेवटी लेखकावरच येते. संहितेत ‘येथे मोठा स्फोट होतो’ एवढे लिहून जो लेखक मोकळा होतो, त्याने ‘येथे नायिका सुंदर दिसते’ एवढे लिहून कादंबरी संपवण्यासारखेच केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भयंकर घटना भयंकरपणेच ऐकवली पाहिजे, नाहीतर आपण ती सौम्य करतो, लोकांना तिच्यापासून वाचवतो. मला हा विचार मान्य आहे. पण त्यातून मोठ्या आवाजाचे समर्थन निघत नाही. तिसऱ्या वाकळेखालची हाक सौम्य आहे असे कुणी म्हणावे. शिवाय आमच्या भागात हा प्रश्न केवळ कलेचा नाही. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले आणि माणसे घराबाहेर झोपू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये खुद्द लातूर शहरात असाच आवाज ऐकू आला आणि लोक हादरले. किल्लारीच्या आधी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही भुईने अशीच कुरकुर केली होती. जिथे फळीवरचा पेला वाजला तरी आजी नातवाला उचलून बाहेर धावते, तिथे खोटा स्फोट उधळणे म्हणजे ‘लांडगा आला’ ओरडण्यासारखे आहे. कानांचाही विश्वास असतो, आणि तो आपण किती वेळा वापरतो याचा हिशोब ठेवला पाहिजे.

या सगळ्याचा इत्यर्थ मी एका प्रश्नात सांगेन. ध्वनिकथेतला कोणताही आवाज ऐकताना विचारावे, हा कुणी ऐकला? कुठे उभे राहून, किती अंतरावरून, कानात काय भरलेले असताना? याला उत्तर असेल तर करवंटीचा घोडाही खरा आहे. नसेल तर खऱ्या बॉम्बचाही पापड होतो.

आता माझ्या विद्यार्थ्याने नवीन बेत काढला आहे. १७६० ची उदगीरची लढाई. सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारदी आणि त्याचा तोफखाना. उदगीरचा किल्ला आमच्या लातूर जिल्ह्यातला. पोरे सहलीला जातात, बुरुजावर चढून हाका मारतात. परवा तो आला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, “सर, पहिली तोफ किती मोठी ठेवू?”

मी म्हटले, “आधी मला सांग, ती ऐकतो कोण?”

तो विचार करू लागला. बाहेर कुणीतरी दिवाळीच्या आधीच एक फटाका उडवला. तो बिचारा नोंद घ्यावी एवढाही मोठा नव्हता; पण आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिले.